अस्तर सेट झालं का, हे उष्णतेला विचारा

पोलाद, सिमेंट, काच, वीज, साखर यांपैकी काहीही तयार होत असताना कुठेतरी एक भट्टी किंवा बॉयलर पेटलेला असतो, आणि त्याचं लोखंडी कवच आतल्या आगीपासून वाचतं ते अस्तरामुळे. हे अस्तर पूर्वी प्रामुख्याने अग्निविटांचं असायचं. आज त्याचा मोठा भाग ‘कास्टेबल’चा असतो. कोरडं मिश्रण बॅगांमधून येतं, साइटवर पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवतात, शटरिंगमध्ये ओततात, व्हायब्रेटर लावतात आणि काँक्रीटसारखं सेट होऊ देतात. त्यातली खडी भाजलेल्या बॉक्साइटची किंवा अ‍ॅल्युमिनाची असते आणि तिला बांधून ठेवणारं असतं हाय अ‍ॅल्युमिना सिमेंट. या मिश्रणाची घडण कारखान्यात ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब करून होते. शेवटचे निर्णय मात्र, म्हणजे अस्तर सेट झालं का, शटरिंग कधी काढायचं, भट्टी शेकायला कधी घ्यायची, हे आजही बऱ्याच ठिकाणी घड्याळावर आणि नखावर सोडलेले असतात. चोवीस तास झाले, नख रुतत नाही, काढा शटरिंग. हा निर्णय मिश्रणातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर घ्यायला हवा, आणि त्या उष्णतेचा आलेख मालाच्या प्रत्येक लॉटबरोबर खरेदीदाराच्या हातात पडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

उष्णताच का, हे समजायला या सिमेंटचा स्वभाव पाहावा लागतो. फ्रान्समधल्या लाफार्ज कंपनीत ज्यूल बिए या संशोधकाने चुनखडी आणि बॉक्साइट एकत्र वितळवून ते तयार केलं. त्याचं पेटंट १९०८ सालचं. सल्फेट असलेल्या पाण्यात टिकणारं सिमेंट मिळवणं हा त्याचा मूळ हेतू होता. झटपट ताकद धरतं म्हणून पहिल्या महायुद्धात ते तोफांच्या बैठकांसाठी वापरलं गेलं, आणि तापमान सोसतं म्हणून पुढे भट्ट्यांमध्ये शिरलं. घर बांधायच्या पोर्टलंड सिमेंटचा कणा कॅल्शियम सिलिकेटचा असतो, याचा कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचा. पाणी लागताच त्याचे कण विरघळू लागतात, पाण्यात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनेटचे आयन साठत जातात, पाणी त्यांनी तुडुंब भरतं आणि मग पाणी धरून ठेवणाऱ्या नव्या स्फटिकांची, म्हणजे हायड्रेटची, पैदास सुरू होते. हे हायड्रेट खडीला खडीशी बांधतात आणि तयार होताना उष्णता सोडतात. बांधणी आणि उष्णता या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. आधी विरघळणं आणि मग स्फटिक होणं ही उपपत्ती आँरी ल शातलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८७ च्या आपल्या प्रबंधात सिमेंटसाठी मांडली, आणि त्याच सुमारास याच माणसाने प्लॅटिनम-ऱ्होडियमचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, उपयोगात आणलं. सिमेंट घट्ट का होतं आणि तापमान नेमकं कसं मोजावं, हे दोन प्रश्न तेव्हा एकाच टेबलावर होते. नंतर ते वेगवेगळ्या खात्यांत विभागले गेले, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हे मोजमाप दिसतं कसं, ते जवळून पाहू. थर्मोकोलचा जाड डबा घ्यायचा. त्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात एक-दोन किलो ताजं मिश्रण भरायचं, मधोमध थर्मोकपलची तार खोचायची, झाकण लावायचं आणि दर मिनिटाला तापमान नोंदवणारा लॉगर सुरू करायचा. पाणी मिसळल्यावर लगेच कण ओले होतात, थोडे विरघळतात, आणि रेषा एखाद-दुसरा अंश चढते. मग ती आडवी होते. हा आडवा पट्टा कधी अर्ध्या तासाचा असतो, कधी सात-आठ तासांचा. वरून पाहिलं तर मिश्रणात काहीच घडत नसतं, पण आत पाणी आयनांनी भरत असतं. ओतणं, व्हायब्रेटर लावणं, कोपरे भरणं हे सगळं या पट्ट्यातच उरकायला हवं. नंतर रेषा डोकं वर काढते. तिथे हायड्रेटची पैदास सुरू झालेली असते आणि त्यानंतर मिश्रणाला धक्का लावणं म्हणजे नुकती धरलेली बांधणी मोडणं. रेषा झपाट्याने चढते, शिखर गाठते आणि सावकाश खोलीच्या तापमानाकडे उतरते. रेषा केव्हा उचलली, शिखर केव्हा आलं आणि ते किती उंच होतं, या तीन गोष्टींत सेटिंगचा बहुतेक इतिहास येतो. प्रयोगशाळेतलं यंत्र, म्हणजे आयसोथर्मल कॅलरीमीटर, नमुन्याचं तापमान ठरावीक ठेवतं आणि दर ग्रॅममागे किती मिलिवॉट उष्णता बाहेर पडते ते नोंदवतं. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण ज्यूल. डबा आणि यंत्र यांची अचूकता वेगळी, पण दोघं विचारतात तो प्रश्न एकच.

थोडा हिशेब केला तर या आकड्यांचं वजन कळतं. हे सिमेंट पूर्ण हायड्रेट होताना ग्रॅममागे ढोबळ मानाने ४०० ते ५०० ज्यूल उष्णता सोडतं. पोर्टलंड सिमेंटची एकूण उष्णताही याच्या आसपासचीच, पण पोर्टलंड ती आठवडेच्या आठवडे सोडत राहतं, आणि हे सिमेंट तिचा बराचसा भाग पहिल्या चोवीस तासांत सोडून मोकळं होतं. आता किलोभर कास्टेबलमध्ये २५ टक्के सिमेंट असेल, तर सुमारे १०० किलोज्यूल बाहेर पडतील. ओल्या कास्टेबलला एक अंश तापवायला किलोमागे साधारण एक किलोज्यूल लागतो. म्हणजे उष्णता बाहेर जायला वाटच नसेल, तर तापमान शंभर अंशांच्या आसपास वाढू शकतं. जाड ठोकळ्याच्या गाभ्यात उष्णता अडकते आणि प्रत्यक्षात या हिशेबाच्या बरीच जवळपास पोहोचते. असं अस्तर ओतल्यावर त्यावर पाणी मारत राहण्याची जुनी शिस्त आली ती यामुळेच. सिमेंट पाच टक्के असेल, तर हाच हिशेब वीस अंशांवर येतो आणि थर्मोकोलच्या डब्यात त्यातले काहीच अंश हाती लागतात. तेवढेही पुरतात, कारण आपल्याला शिखराच्या उंचीपेक्षा ते कधी येतं यात जास्त रस आहे. तापमानातला एक अंशाचा बदल साधं थर्मोकपलही टिपतं.

आता नेहमीच्या कसोट्यांकडे वळू. सिमेंटचा सेटिंग टाइम मोजणारी विकाट सुई हे एकोणिसाव्या शतकातलं सोपं आणि भरवशाचं साधन आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई ३०० ग्रॅम वजनाखाली सिमेंटच्या लगद्यात किती रुतते, एवढंच ती पाहते. आपल्याकडे आयएस ४०३१ या मानकाच्या पाचव्या भागात ही चाचणी आहे. पण ती लगद्यासाठी आहे. कास्टेबलमध्ये पाच-सहा मिलिमीटरची खडी असते आणि सुई खडीवर आपटली तर तिचं उत्तर निरर्थक ठरतं. म्हणून चाळून घेतलेल्या बारीक भागावर किंवा नुसत्या सिमेंटवर चाचणी घेतली जाते, आणि प्रत्यक्ष ओतलं जातं ते मिश्रण तपासायचं राहून जातं. हाताने गोळा करून वर उडवायचा, झेलायचा आणि तो फुटतो की चपटा होतो ते पाहायचं, ही चाचणीही अडाण्याची नाही. अमेरिकी मानकसंस्थेने तिला सी ८६० या क्रमांकाचं रीतसर मानक दिलं आहे. पण ती पाण्याचं प्रमाण सांगते, सेटिंग नाही.

सुईची आणि नखाची खरी अडचण आणखी खोल आहे. कडकपणा आणि बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या काही दशकांत कास्टेबल ज्या दिशेने बदललं, त्यात हा फरक कळीचा झाला आहे. जुन्या मिश्रणांत सिमेंट पंधरा ते तीस टक्के असायचं. त्यातला चुना फार तापमानाला अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाबरोबर लवकर वितळणारी संयुगं करतो, म्हणून सिमेंट कमी करण्याची धडपड सुरू झाली. आता वर्गवारीच चुन्यावरून होते. कॅल्शियम ऑक्साइड अडीच टक्क्यांच्या वर असेल तर नेहमीचं कास्टेबल, एक ते अडीच टक्के असेल तर लो सिमेंट, त्याखाली अल्ट्रा लो. कमी झालेल्या सिमेंटची जागा मायक्रोसिलिका आणि अतिबारीक अ‍ॅल्युमिना यांनी घेतली. हे कण एकमेकांपासून दूर राहावेत म्हणून फॉस्फेटसारखे डिस्पर्संट घातले जातात आणि पाणी पाच-सहा टक्क्यांवर आणलं जातं. इथेच सुई फसते. सिमेंटमधून सुटणारं कॅल्शियम डिस्पर्संटचा प्रभाव मारतं, बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि मिश्रण ताठ होतं. सुई रुतत नाही, नख रुतत नाही, मुकादम म्हणतो सेट झालं. थर्मोकपलची रेषा मात्र अजून आडवीच असते. हायड्रेट तयार झालेले नसतात, म्हणजे बांधणी धरलेली नसते. अशा वेळी शटरिंग काढलं तर अस्तर कोसळेलच असं नाही. बहुधा ते उभं राहतं, कोपरा सुटतो, अस्तर कवचाला धरून ठेवणाऱ्या अँकरभोवती केसासारखी भेग जाते, तिच्यावर हात फिरवून मिस्त्री ती बुजवतो आणि भट्टी पेटल्यावर तीच भेग रुंदावते. ताठपणा कण चिकटल्यामुळे आलाय की हायड्रेटमुळे, हे सांगणारं स्वस्त साधन उष्णतेखेरीज दुसरं मला दिसत नाही.

दुसरा मुद्दा तापमानाचा, आणि महाराष्ट्रात तो फारच महत्त्वाचा आहे. दही उन्हाळ्यात लवकर लागतं आणि थंडीत उशिरा, या घरोघरच्या अनुभवावरून कास्टेबलही उन्हाळ्यात लवकर सेट होणार असं कुणीही गृहीत धरेल. हाय अ‍ॅल्युमिना सिमेंट या अंदाजाला सरळ दगा देतं. साधारण वीस अंशांपासून तीस अंशांच्या अलीकडेपर्यंत तापमान वाढलं की त्याचा सेटिंग टाइम कमी होण्याऐवजी वाढतो. अठ्ठावीसच्या आसपास तो सर्वांत लांबतो आणि तिशी ओलांडल्यावर झपाट्याने घटतो. कारण हायड्रेटमध्ये आहे. थंडीत भरपूर पाणी धरणारा हायड्रेट सहज तयार होतो, तापमान चढलं की त्याची पैदास अवघड होते, आणि जास्त तापमानाचे दाट हायड्रेट अजून जोमाने सुरू झालेले नसतात. त्या मधल्या पट्ट्यात सगळंच रेंगाळतं. आता चंद्रपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. तिथल्या सिमेंट कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी अस्तर ओतलं जातंय, पारा पंचेचाळीसकडे गेलाय आणि बॅगा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून तापल्या आहेत. तीच बॅग जानेवारीत निफाडच्या पहाटेत उघडली तर मिश्रण दहा-बारा अंशांवर असेल. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या बॉयलरची दुरुस्ती गाळप संपल्यावर सुरू होते आणि पुढच्या हंगामाआधी उरकते, म्हणजे कडक उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या शेवटापर्यंत. त्या काळात सकाळच्या आणि दुपारच्या ओतण्यात दहा अंशांचा फरक सहज पडतो, आणि तो फरक नेमका त्या लहरी पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे असू शकतो. सगळीकडे सारखेच चोवीस तास लावणं म्हणजे एका ठिकाणी शटडाउनचे महागडे तास फुकट घालवणं आणि दुसऱ्या ठिकाणी कच्चं अस्तर उघडं करणं.

कोणत्या तापमानाला सेटिंग झालं, याचा परिणाम सेटिंगपुरता राहत नाही. थंडीत तयार होणारा हायड्रेट पाण्याने फुगलेला असतो, त्याची घनता सुमारे १.७. जास्त तापमानाला होणाऱ्या स्थिर हायड्रेटची अडीचच्या वर. पहिला काळाबरोबर आणि उष्णतेबरोबर दुसऱ्यात बदलतो, आकसतो, मागे पोकळ्या सोडतो आणि ताकद उतरते. इमारतींच्या बाबतीत ही किंमत जगाने मोजली आहे. १९७४ मध्ये लंडनच्या स्टेपनी भागातल्या एका शाळेत पोहण्याच्या तलावावरचं छप्पर कोसळलं. तपासात या सिमेंटच्या तुळयांमधल्या याच बदलाकडे बोट दाखवलं गेलं, आणि ब्रिटनमध्ये इमारतींच्या सांगाड्यासाठी ते वापरणं जवळपास थांबलं. भट्टीत हा बदल टळत नाही, कारण अस्तर तापणारच. तिथे धोका निराळा आहे. थंडीत सेट झालेलं अस्तर कमी सच्छिद्र, जेलसारखं आणि पाण्याने गच्च असतं. भट्टी घाईने शेकली की हायड्रेटमधलं पाणी वाफ होतं, वाफेला वाट मिळत नाही आणि अस्तराचे तुकडे स्फोटासारखे उडतात. जवळ उभा असतो तो बर्नर पाहणारा कामगार. कास्टेबलमध्ये पॉलिप्रॉपिलीनचे धागे घालतात ते वितळून वाफेला वाट मिळावी म्हणून, पण धागे हा नंतरचा उपाय झाला. अस्तर सेट होताना त्याच्या गाभ्यात तापमान किती चढलं होतं, याची नोंद असेल तर आत कोणते हायड्रेट असण्याची शक्यता आहे याचा अंदाज येतो, आणि शेकण्याचा वेग त्यानुसार ठरवता येतो. म्हणजे सेटिंगसाठी रोवलेली तार सुरक्षिततेचंही काम करते. मला हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

बॅगेचं वय हाही प्रश्न आहे. हे सिमेंट दमट हवेत बॅगेतच थोडंथोडं पाणी पितं. कणांवर हायड्रेटचा पातळ थर चढतो आणि मग साइटवर पाणी घातल्यावर आडवा पट्टा लांबतो, शिखर बुटकं होतं. शिवाय मिश्रणात सेटिंग लांबवायला सायट्रिक आम्ल आणि लवकर आणायला लिथियम कार्बोनेट अशी चिमूटभर द्रव्यं असतात. लिथियम कार्बोनेटचं प्रमाण तर टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या घरात असतं. मिसळताना झालेली एवढीशी चूक रासायनिक पृथक्करणाच्या नेहमीच्या तक्त्यात दिसत नाही, आलेखात ती ठळक दिसते. कोकणात पावसाळाभर गोदामात पडलेली बॅग वापरावी की टाकावी, हा वाद छापलेल्या तारखेवरून घालण्यापेक्षा डबाभर मिश्रण रात्रभर लावून ठेवलं तर सकाळी मिटतो.

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप रास्त आहे: उष्णता म्हणजे ताकद नव्हे. खरं आहे. तेवढीच उष्णता सोडणारी दोन मिश्रणं पाण्याच्या प्रमाणातल्या फरकामुळे वेगवेगळी ताकद देतात, कारण जास्तीचं पाणी पोकळ्या सोडतं आणि त्या पोकळ्यांची खबर कॅलरीमीटरला नसते. म्हणून आलेखाने दाब-चाचणीची जागा घ्यावी असं कुणी म्हणू नये. दाब-चाचणी अस्तर किती मजबूत होऊ शकतं ते सांगते. ते आत्ता बांधणीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे आलेख सांगतो. शंका असेल तिथे अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग मोजावा. पदार्थ सांधत जातो तसा तो वेग वाढतो, आणि दोन्ही रेषा एका कागदावर आल्या की कण चिकटल्याचा ताठपणा आणि हायड्रेटची बांधणी अगदी वेगळी दिसते. शिवाय या पद्धतीची हद्दही मान्य करायला हवी. सिलिका सोलने बांधलेल्या, सिमेंट नसलेल्या मिश्रणात जेल धरतं ते फारशी उष्णता न सोडता. तिथे आडवी रेषा पाहून ‘सेट झालं नाही’ म्हणणं चूक ठरेल. अल्ट्रा लो सिमेंटमध्येही डब्यातला संकेत इतका क्षीण होतो की चांगल्या कॅलरीमीटरशिवाय तो वाचू नये.

दुसरा आक्षेप नमुन्याचा. कॅलरीमीटरच्या नळीत काही ग्रॅम मावतात, तिथे खडी जात नाही, म्हणून बहुधा खडी वगळून बारीक भागच तपासला जातो. मिक्सरमधला जोरही वेगळा असतो. हा दोष आहेच. म्हणूनच कारखान्यात फॉर्म्युला ठरवताना कॅलरीमीटर आणि साइटवर प्रत्यक्ष मिश्रणाचा डबा, अशी कामाची वाटणी मला योग्य वाटते. ‘प्रयोगशाळा वीस अंशांवर आणि साइट चाळीसवर’ ही तक्रार तर यंत्राविषयी नसून वापरणाऱ्याच्या सवयीविषयी आहे, कारण कॅलरीमीटर चाळीसवरही लावता येतो. जाडीचं भान मात्र ठेवायलाच हवं. पन्नास मिलिमीटरचं अस्तर पत्र्याला टेकून उष्णता गमावतं, तीनशे मिलिमीटरचं ती आतच साठवतं. डबा कशासारखा वागतोय हे न पाहता त्याचा आकडा उचलला, तर घड्याळाच्या चुकीऐवजी डब्याची चूक पदरी येईल. यावर उत्तर म्हणजे प्रत्यक्ष अस्तरातच एक-दोन तारा सोडणं. त्या तिथेच राहिल्या तरी अस्तराचं काही बिघडत नाही.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे येतो. कॅलरीमीटर लाखांच्या घरातलं यंत्र आहे आणि प्रत्येक छोट्या ठेकेदाराने ते घ्यावं अशी अपेक्षा चुकीची ठरेल. पण थर्मोकपलची तार, लॉगर आणि थर्मोकोलचा डबा यांची किंमत मोठ्या भट्टीच्या एका दिवसाच्या बंदपुढे नगण्य आहे. माल बनवणाऱ्या कंपनीने यंत्र ठेवावं, वापरणाऱ्याने डबा. अनुभवाचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. वीस-वीस वर्षं भट्ट्यांत उतरलेला मिस्त्री मिश्रणाचा रंग, ओल, व्हायब्रेटरखाली सुटणारे बुडबुडे पाहून जे सांगतो, ते कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. त्याच्या हाताला कमी लेखणारी सूचना मी करत नाही. पण त्याचा हात तयार झाला तो भरपूर सिमेंटच्या कास्टेबलवर, जिथे ताठपणा आणि बांधणी बऱ्याच अंशी बरोबरीने येत होती. मिश्रण बदललं तेव्हा त्याला कुणी सांगितलं नाही की या नव्या मालात तुझ्या नखाला मिळणारं उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे. आलेख त्याच्यासमोर ठेवला तर दोन-चार ओतण्यांत तो रेषा आणि हात यांची सांगड घालेल, आणि पुढे रेषा चुकली की ते त्यालाच आधी कळेल.

मग करायचं काय? कास्टेबलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर आज साधारणपणे अ‍ॅल्युमिना, लोह आणि चुन्याचे टक्के, ११० अंशांवर वाळवल्यानंतरची घनता, वेगवेगळ्या तापमानांनंतरची दाबशक्ती आणि लांबीतला कायमचा बदल इतकं असतं. हे सगळे आकडे तापवल्यानंतरचे किंवा वाळवल्यानंतरचे आहेत. ओतण्यापासून शटरिंग काढेपर्यंतच्या तासांबद्दल, म्हणजे ज्या तासांत अस्तराचं नशीब ठरतं त्यांच्याबद्दल, फार तर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक कलम वाढवलं तर हे बदलेल. प्रत्येक लॉटसाठी दहा, पंचवीस आणि चाळीस अंशांवरचा उष्णतेचा आलेख, त्यासाठी वापरलेलं पाणी, चाचणीच्या दिवशी मालाचं वय, आणि आलेख खडीसह मिश्रणाचा आहे की फक्त बारीक भागाचा, याचा स्पष्ट उल्लेख. पोलाद कारखाने, वीजकेंद्रं आणि सहकारी साखर कारखाने हे मोठे ग्राहक आहेत. त्यांनी कलम घातलं तर विकणारे आलेख देतील, कारण स्वतःच्या फॉर्म्युल्यासाठी उष्णता मोजण्याचं तंत्र या उद्योगाला नवं नाही. भारतीय मानक ब्युरोने कास्टेबलसाठी डब्याच्या चाचणीची पद्धत बांधून द्यावी: डब्याची जाडी, नमुन्याचं वजन, तार किती खोल, नोंद किती वेळाने. पोर्टलंड सिमेंटच्या उष्णतेची चाचणी आयएस ४०३१ च्या नवव्या भागात आहे, पण ती विरघळवून मोजण्याची पद्धत आहे आणि तिच्यातून एकूण उष्णता कळते, ती केव्हा बाहेर पडली ते कळत नाही.

साइटवरचा नियमही लिहून ठेवता येईल इतका साधा आहे. ओतण्याच्या प्रत्येक पाळीतून एक डबा भरायचा, जाड भागात एक तार सोडायची. रेषा उचलण्याआधी ओतणं संपवायचं. शिखर उलटून रेषा उतरायला लागल्याशिवाय शटरिंगला हात लावायचा नाही, मग त्याला चौदा तास लागोत की छत्तीस. गाभ्याचं तापमान सेटिंगच्या काळात वीसच्या आसपासच घुटमळलं असेल, तर अस्तर आणखी एक दिवस उबदार झाकून ठेवायचं आणि शेकण्याचे पहिले टप्पे, विशेषतः शंभर ते साडेतीनशे अंशांच्या मधले, लांबवायचे. पाळी बदलताना नव्या सुपरवायझरच्या हातात किल्ल्यांबरोबर हा आलेखही द्यायचा, आणि शटरिंग काढण्याच्या परवान्यावर त्याची प्रत जोडल्याशिवाय सही करायची नाही.